पोटमाळ्यावरची पेटी आणि चार जाणकार

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आमच्यासारख्यांचे फोन जरा जास्त वाजतात. घरोघरी पोटमाळे रिकामे होत असतात आणि पलीकडून कुणीतरी संकोचून सांगतं, "आजोबांच्या रेकॉर्डी निघाल्यात. शंभरेक असतील. भंगारवाला न्यायला तयार आहे, पण म्हटलं आधी विचारावं." माझं उत्तर ठरलेलं असतं: काही पुसू नका, काही वाजवू नका आणि पेटी एकट्याने उतरवू नका. दहा इंची लाखेची रेकॉर्ड साधारण दोनशे ग्रॅम भरते. शंभरांची पेटी लाकडाचं वजन धरता वीस-बावीस किलोंवर जाते, आणि चाळीस वर्षं वर पडून राहिलेल्या पेटीचा तळ कधी दगा देईल ते सांगता येत नाही. मी एकदा शिडीच्या खाली उभा होतो. आवाज अजून कानात आहे.

ज्यांच्या घरी अशी पेटी निघाली आहे त्यांना, ज्यांना हा नाद नुकताच लागलाय त्यांना आणि गावात चार-पाच समानधर्मी जमवून महिन्याला एक बैठक करावी असं ज्यांच्या मनात आहे त्यांनाही चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हे लिहितोय. तिसऱ्या गटासाठी जरा सविस्तर लिहिणार आहे. रेकॉर्डींचं नुकसान धुळीने होतं त्याहून जास्त माणसांच्या वागण्याने होतं, असं माझं मत पंचवीस-तीस वर्षांत पक्कं झालंय.

आधी हाताला काय लागलंय ते ओळखा. जाड, जड, काळी आणि पडली तर काचेसारखी फुटणारी ती लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं गाणं. हातात थोडी वाकणारी, हलकी ती व्हायनलची. तिच्यात मोठी एलपी आणि लहान ईपी. आपल्याकडे ही गोष्ट सुरू झाली नोव्हेंबर १९०२ मध्ये. ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने गायिका गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. रेकॉर्डी छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. गाणं संपल्यावर ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते ते त्यासाठीच, तिथल्या कामगारांना कोणती कुणाची ते कळावं म्हणून. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला आणि हा प्रवास थांबला. गंमत म्हणजे जगभरच्या रेकॉर्डींसाठी लागणारी लाख मुख्यतः आपल्याच जंगलांतून जात असे. म्हणजे कच्चा माल आपला, गळा आपला, आणि छापून यायचं हॅनोव्हरहून.

आता पारख. रेकॉर्ड कडेने आणि मधल्या लेबलवर बोटं टेकवून धरा, खाचांना हात लावू नका. खिडकीपाशी जाऊन तिरप्या उजेडात फिरवा. चांगली असेल तर काळी, तकतकीत दिसते. खाचा करड्या, राखाडी पडल्या असतील तर ती लोखंडी पिनेने घासून घासून वाजवलेली आहे, आणि वरचा चरा कितीही बारीक असला तरी आतला आवाज गेलेला असतो. जुन्या चावीच्या ग्रामोफोनला दर बाजूला नवी पिन लावायची असे. मधल्या काळात पिना मिळेनात म्हणून लोकांनी एकाच पिनेवर अख्खी गणपतीची दहा दिवसांची बैठक काढली. त्याची किंमत रेकॉर्डीने मोजली.

तडा मात्र डोळ्यांना लवकर दिसत नाही. त्यासाठी मडकं पारखतात तसं करा. रेकॉर्ड मधल्या भोकापाशी बोटाच्या टोकावर हलकेच तोलून धरा आणि कडेवर नखाने टिचकी मारा. साबूत असेल तर टणक नाद येतो. केसाएवढा तडा असेल तर आवाज फुटका, भरभरलेला येतो. मी एकदा हिराबाई बडोदेकरांची रेकॉर्ड "एकदम क्लीन" या शब्दावर विश्वास ठेवून घेतली. घरी आणून टिचकी मारली आणि खाली बसलो. विकणाऱ्याने खोटं सांगितलं असंही म्हणता येत नाही. त्याने फक्त पाहिली होती, वाजवलीही नव्हती आणि टिचकीही मारली नव्हती. 'क्लीन' या शब्दाचा अर्थ त्याच्या मते 'धुतलेली' एवढाच होता.

लेबल वाचायला शिका, कारण अर्धी माहिती तिथेच असते. एचएमव्हीच्या दहा इंची रेकॉर्डींवर पुष्कळदा 'एन' अक्षरापुढे क्रमांक असतो, कोलंबियावर 'जीई'. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीची 'यंग इंडिया' हे आणखी एक नाव. मराठी घरांतल्या पेट्यांमध्ये ते हमखास सापडतं. पण लेबलवरचा क्रमांक हा विक्रीचा क्रमांक. लेबलच्या बाहेर, जिथे गाणं संपतं त्या गुळगुळीत पट्टीवर आणखी एक क्रमांक कोरलेला असतो, तो मूळ ध्वनिमुद्रणाचा. तोही उतरवून घ्या. हिंदी चित्रपटगीतांसाठी कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज़' यांचा 'हिंदी फिल्म गीत कोश' हाताशी ठेवा. त्यात गाण्यासोबत रेकॉर्ड क्रमांक मिळतात, आणि "हे गाणं मीच शोधलं" असं छाती फुगवून सांगणाऱ्याला थोडं जमिनीवर आणतात.

वाजवण्याबद्दल दोनच वाक्यं. लाखेच्या रेकॉर्डीला एलपीच्या सुईच्या साधारण तिप्पट रुंद टोकाची सुई लागते. जुन्या फिएस्टासारख्या प्लेअरवर सुई उलटवायची सोय असते, ती नीट बघा. आणि पितळी कर्ण्याचा झळाळता 'अँटिक' ग्रामोफोन दिवाणखान्यात ठेवायला घेतलात तर घ्या, पण त्यावर रेकॉर्ड लावू नका. असे बरेचसे ग्रामोफोन हल्लीच जुळवलेले असतात आणि रेकॉर्डी किसून काढतात.

वेगाची गोष्ट थोडी निराळी. सुरुवातीच्या काही दशकांतल्या सगळ्याच रेकॉर्डी बरोबर ७८ फेऱ्यांना भरलेल्या नाहीत. म्हणून कधी एखादा गायक उगाच चढ्या पट्टीत गातोय असं वाटतं. साथीला पेटी असेल तर स्वर पेटीच्या पट्टीशी जुळेपर्यंत वेग खाली-वर करून बघावा. काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मधे कुठेतरी लटकणारा षड्ज ऐकू आला की समजायचं, गायकाची चूक नाही, वेग चुकलाय. हे न करता "बुवांचा आवाज कसला बायकी होता हो" असं बैठकीत म्हणणारे मी पाहिलेत.

धुण्याच्या बाबतीत मी जे केलं ते तुम्ही करू नका. पहिल्याच वर्षी एका नाट्यपदाची रेकॉर्ड बुरशीने माखलेली होती. एलपीला चालतं तसं कापसावर स्पिरिट घेऊन फिरवलं. कापूस काळा झाला. मला वाटलं, मळ निघतोय. निघत होती ती लाख. स्पिरिटमध्ये लाख विरघळते हे सुतारालासुद्धा माहीत असतं, पॉलिश तो तसंच करतो. लाखेच्या रेकॉर्डीला डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात भांडी धुण्याच्या द्रावणाचा एखादा थेंब, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं राखून, आणि लगेच पुसून सुकवायचं. भिजत घालायचं नाही. ठेवताना उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. दहा इंची आणि बारा इंची एकत्र कोंबू नका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा कपाट उघडून वारं लागू द्या. एलपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली असेल तर ती पिशवी काढा. काही प्लास्टिक वर्षानुवर्षं चिकटून रेकॉर्डीवर धुरकट डाग सोडतं, ते पुसल्याने जात नाहीत.

कुठे मिळतात हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत आणि तिथल्या विक्रेत्यांना आता भावही ठाऊक आहेत. खरा माल अजूनही जिथे रेकॉर्डींचा धंदा नाही तिथे सापडतो. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी ठरली, तेव्हा तिची प्रत मिळेना. न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या एका खोक्यात ती तबकडीसाठी शोधणाऱ्या अॅन ड्रुयानला मिळाली. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरात गेल्या. तोपर्यंत दोन्ही यानं निघालेली होती. तेव्हा वाण्याचं जुनं दुकान, बंद पडलेलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, गणेश मंडळाच्या लाउडस्पीकरवाल्याचं गोदाम, इथे चौकशी करा. लाउडस्पीकरवाल्यांकडच्या रेकॉर्डी बहुधा झिजलेल्या असतात, तरी त्यांच्याकडे अशा गोष्टी असतात ज्या घरच्या संग्रहात कुणी ठेवल्याच नाहीत: वगाची गाणी, प्रचाराच्या रेकॉर्डी, विनोदी संवाद.

माल सापडला, धुतला, ओळखला. पुढे येतात माणसं, आणि घोडं पेंड खातं ते इथेच. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. सुरेश चांदवणकरांनी सचिव म्हणून तिचं काम वर्षानुवर्षं नेटाने पुढे नेलं आणि संस्थेने 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक काढलं. लोकांनी आपली माहिती एकमेकांपुढे ठेवली म्हणून ते शक्य झालं. तुमच्या गावात पाच जण जमत असतील तर तेवढंही पुरे आहे. पण पाच जणांनाही एक सूत्रधार लागतो, आणि तो सगळ्यात मोठ्या संग्रहाचा मालक नसावा. मोठ्या संग्रहाच्या मालकाला प्रत्येक रेकॉर्डबद्दल काहीतरी सांगायचंच असतं.

बैठकीत सूत्रधाराने काय बघावं? प्रत्येकाने तीनच रेकॉर्डी आणाव्यात. दोन्ही बाजू धरून वीस मिनिटं होतात, त्यापलीकडे ऐकणाऱ्याचं लक्ष राहत नाही. रेकॉर्ड लावण्याआधी लेबल मोठ्याने वाचायचं: गायक, गाणं, कंपनी, क्रमांक. वाजत असताना कुणीही बोलायचं नाही, 'वाहवा' सोडून. राग चुकीचा सांगितला, सालाचा घोळ झाला, तर दुरुस्ती गाणं संपल्यावर, आणि पुरावा असेल तरच. "मला वाटतं" आणि "अमक्या पुस्तकात आहे" यांत फरक करायला सूत्रधाराने प्रत्येकाला भाग पाडावं. भाव, खरेदी-विक्री हा विषय चहाच्या वेळी, सतरंजीवर नाही. ऐकताना मधेच "ही दोन हजाराला जाईल" असं कुणी बोललं की पुढचं गाणं कुणाच्याच कानात शिरत नाही.

नव्या माणसाची काळजी विशेष घ्या. तो घाबरत घाबरत गीतरामायणाची एखादी एलपी घेऊन येतो आणि कोपऱ्यातला जाणकार हसतो, "ही तर घराघरांत आहे." तो माणूस परत येत नाही. घराघरांत आहे म्हणूनच ती रेकॉर्ड त्याच्या घरात होती, आणि तिच्या कव्हरवर त्याच्या आजीने तारखेसह लिहून ठेवलेलं असतं ती कुणाच्या मुंजीत भेट आली ते. असं काही तुमच्या दुर्मीळ रेकॉर्डीवर आहे का? तसं हसणाऱ्याला बैठक संपल्यावर बाजूला घेऊन सांगा. चारचौघांत कान उपटलात तर तोही जाईल, आणि त्याच्याकडची माहिती त्याच्याबरोबर.

रेकॉर्डीची अवस्था सांगण्याची भाषा मंडळाने आधीच ठरवून घ्यावी. इंग्रजी बाजारात मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी असे दर्जे आहेत, पण प्रत्येकाची 'व्हीजी' वेगळी. मी तीनच गोष्टी विचारायला सांगतो. पाहिलीत की वाजवलीत? कुठल्या मिनिटाला आवाज जातो किंवा सुई उडी मारते? तडा, टवका, लेबल फाटलेलं आहे का? एवढं सरळ लिहिलं की कुणी "फसवलं" म्हणत नाही. एखाद्याने एकदा चुकीचं सांगितलं तर ती चूक समजा, पैसे परत करायला लावा आणि विषय तिथेच संपवा. दुसऱ्यांदा झालं तर त्याला विक्री बंद. तिसऱ्यांदा बैठकही बंद. हे लेखी ठेवा, नाहीतर दर वेळी मैत्री आडवी येते.

उसनवारीचं एक वेगळं पुस्तक ठेवा. कुणी, कोणाची, कोणत्या तारखेला नेली, कोणत्या अवस्थेत होती आणि केव्हा परत आली. माझ्या माहितीतली तीन मंडळं मोडली, तिन्ही उसन्या रेकॉर्डींवरून. पोस्टाने पाठवायची झाली तर दोन्ही बाजूंना रेकॉर्डीपेक्षा मोठे कडक पुठ्ठे, ते घट्ट बांधून खोक्यात, आणि ते खोकं दुसऱ्या खोक्यात भरून पाठवा. एलपी असेल तर कव्हरबाहेर काढून कव्हराच्या मागे ठेवा. आत ठेवलेली एलपी प्रवासात कव्हराची शिवण फाडते.

हल्ली रेकॉर्डीचं डिजिटल रूपांतर करून सगळ्यांना वाटण्याची हौस आहे. हौस चांगली, पण कायदा समजून घ्या. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क, ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं चालतो. १९६० मध्ये निघालेल्या रेकॉर्डीचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. पण गाण्यात शब्द आणि चाल हे वेगळे हक्क आहेत, ते कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरीपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चालींचा त्यानंतरही २५ वर्षं. "रेकॉर्ड जुनी आहे, काय होतंय" हे उत्तर पुरेसं नाही.

शेवटी एका अवघड गोष्टीबद्दल. मंडळातला कुणी वारला की संग्रहाभोवती घिरट्या सुरू होतात. मी पाहिलंय, तेराव्याच्या दिवशी चहा पिता पिता कुणीतरी काकूंना विचारतो, "रेकॉर्डींचं काय करणार?" आणि अख्खा संग्रह एका टेम्पोत भरून निघतो, किंमत काकूंना कधीच कळत नाही. मंडळाने नियम करावा: घरच्यांनी बोलावलं तरच दोघांनी जायचं, यादी करायची, घरच्यांना अंदाजे भाव सांगायचा, आणि त्या दोघांनी त्या संग्रहातलं काहीही विकत घ्यायचं नाही. एकसुद्धा नाही. घ्यायचंच असेल तर इतरांनी, खुल्या यादीवरून, सांगितलेल्या भावाने. या नियमावर आमच्याकडे दोन जण रागावून गेले. त्यातला एक दोन वर्षांनी परत आला.

तुमच्याकडे पेटी असेल तर तुमच्याच हातांनी एक वही करा. पहिल्या पानावर पहिली रेकॉर्ड: गायक, दोन्ही बाजूंची गाणी, कंपनी, लेबलवरचा क्रमांक, पट्टीवर कोरलेला क्रमांक, अवस्था, ती घरात कशी आली. शेवटच्या पानावर, तुमच्यानंतर फोन कोणाला करायचा त्याचं नाव आणि नंबर. आणि ती वही पेटीत ठेवू नका, घरच्यांना ठाऊक असेल अशा जागी ठेवा.